संध्याकाळचा भोंगा

सिंफनीच्या तिसऱ्या भागात भोंगा लागणार, हे ऋचाने तालमीच्या पहिल्याच रविवारी सांगितले होते. तेव्हा ते कोणी मनावर घेतले नाही. पिंपळे गुरवच्या शाळेच्या सभागृहातले पंखे बंद होते, दोन व्हायोलिनवाले अजून यायचे होते आणि ट्युबाच्या पितळी तोंडातून वडापावच्या कागदाचा बोळा निघाला होता. भोंग्याचे नंतर बघू, असे ठरले.

ऋचा चाकणच्या एका मोटार कंपनीत उत्पादन नियोजन बघते. कुठला सुटा भाग कधी कुठे पोचायला हवा, हे ठरवणे तिचे रोजचे काम. चार वर्षांपूर्वी तिने तीच पद्धत माणसांना लावली. एकीकडे व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे लोक होते. अभियंते, बँकवाले, एक दातांची डॉक्टर. ते पुण्याला जाऊन शिकत आणि घरी दार लावून वाजवत. दुसरीकडे पिंपरीतली बँडवाली घरे होती. जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत त्यांचे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम वाजत. या दोघांना एका छपराखाली बसवायचे आणि समोर उभे राहून आपण हातांनी इशारे द्यायचे, की ऑर्केस्ट्रा तयार, असे तिचे गणित होते. गणित बरोबर होते. फक्त दोघांना एकमेकांच्या शेजारी बसायचे नव्हते.

"नवरदेव आला की सांगा, मी बाजूला होतो," असे मुकुंदराव म्हणत. बँकेतून निवृत्त झालेले मुकुंदराव पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसत आणि ट्रम्पेट जरा चढा लागला की हे वाक्य त्यांच्या तोंडून निघे.

"तुमचं व्हायोलिन ऐकलं तर नवरदेव घोड्यावरनं उडी टाकून पळेल, काका," असे मागून धम्मरत्न म्हणे. धम्मरत्न तळेगावच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचा. त्याच्या घरात ट्रम्पेट आजोबांपासून होता.

असे करत चार वर्षे निभली. यंदा मात्र सगळे मोडायची वेळ आली होती, आणि त्याला ट्रम्पेट कारण नव्हता. कारण होते प्रेक्षक.

पहिल्या कार्यक्रमात संथ भागाच्या ऐन मध्यावर वेफर्सची पाकिटे फुटली. दुसऱ्यात एका गृहस्थांनी फोनवर मोठ्याने सांगितले, की ते कार्यक्रमात बसले आहेत म्हणून बोलू शकत नाहीत, आणि मग बराच वेळ बोलले. तिसऱ्यात टाळ्या प्रत्येक वेळी भलत्याच जागी पडल्या. जिथे पडायला हव्या होत्या तिथे अर्धे लोक पार्किंगमध्ये पोचले होते.

"हा शेवटचा," मुकुंदरावांनी नव्या कार्यक्रमाची तारीख ऐकल्यावर सांगितले. "या वेळी शांतता मिळाली नाही, तर आम्ही व्हायोलिनवाले वेगळे होतो. पुण्याला एखाद्या छोट्या हॉलमध्ये वाजवू. ज्याला ऐकायचंय तो येईल."

बाकीचे व्हायोलिनवाले जमिनीकडे बघत होते. म्हणजे त्यांच्यात बोलणे होऊन गेले होते.

आणि ऋचाने नेमकी निवडली होती ती सिंफनी, जिचा जीव एका शांततेत आहे.

ती लिहिणारा योसेफ हाव्रान हा मध्य युरोपातल्या एका कारखान्यांच्या गावचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याने ती तळघरात बसून लिहिली. विमाने आली की गावातल्या कारखान्याचा भोंगा वर-खाली होत रडायचा आणि लोक तळघरांत उतरायचे. विमाने गेली की तोच भोंगा एका सुरात लांब वाजायचा. म्हणजे धोका टळला. हाव्रानने पहिल्या दोन भागांत अंधार, वाट बघणे आणि एकमेकांचे श्वास लिहिले. तिसऱ्यात त्याने खरा भोंगा मागितला, एक सलग लांब सूर. त्यानंतर कागदावर काहीच नाही, फक्त थांबण्याची खूण. त्या शांततेत सभागृहाच्या बाहेरून एकटा ट्रम्पेट वाजतो. मग अख्खा वाद्यवृंद त्याचा सूर उचलून जत्रेतल्यासारखा नाच वाजवतो आणि सिंफनी संपते.

कंपनीच्या कामासाठी परदेशी गेली असताना ऋचाने ती एकदा ऐकली होती. त्या शांततेत तिला शेजारच्या माणसाच्या मनगटावरचे घड्याळ ऐकू आले होते. तशी शांतता पिंपरी-चिंचवडमध्ये एकदा मिळाली, तर मुकुंदराव राहतील आणि ऑर्केस्ट्राही राहील. नाही मिळाली, तर चार वर्षे जुळवलेले सुटे भाग पुन्हा सुटे होतील.

"मी बाहेर उभा राहणार, ते ठीक आहे," धम्मरत्न म्हणाला. "पण सुरू कधी करायचं ते मला कळणार कसं?"

"आतून काहीच ऐकू येईनासं झालं की सुरू कर."

"काहीच म्हणजे?"

"काहीच म्हणजे काहीच."

"मॅडम, इथं?" धम्मरत्नने विचारले, आणि पितळी वाद्यांची पूर्ण रांग हसली. मुकुंदराव हसले नाहीत.

भोंगा आधी कीबोर्डमधून काढून बघितला. तो रुग्णवाहिकेसारखा वाजला. ड्रमवाल्या संघर्षने गंभीर चेहऱ्याने खुर्ची सरकवून वाट करून दिली. ऋचाने कीबोर्ड बंद केला.

"आईला विचारतो," धम्मरत्न म्हणाला.

धम्मरत्नची आई इंदुताई. पिंपरीत वजनकाटे बनवणारी एक कंपनी होती. इंदुताई तिथे टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि त्यांच्या बोर्डाशेजारी एक लाल बटण होते. सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी ते बटण दाबायचे काम त्यांचे. त्यांच्या बोटावर फाटके उघडत, सायकली निघत, आसपासच्या घरांत चुली पेटत.

"पिंपरीतली अर्धी पोरं माझ्या भोंग्यावर दूध प्यायलीत," त्या सांगत. "दोन पोरं तर भोंग्यावरच जन्मली. सुईणीनं वेळ विचारली, तर घड्याळ कोण बघतंय! संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा, असं लिहून घेतलं."

ती कंपनी बंद झाली तो दिवस जुने कामगार अजून एकाच पद्धतीने सांगतात. जेवणाची सुट्टी झाली, लोक मशीनवर परतले, फाटकावर हुकूम आला, विजेचा खटका खाली ओढला गेला आणि सगळ्यांना तसेच बाहेर काढले. संध्याकाळचा भोंगा त्या दिवशी झाला नाही. पुढेही कधी झाला नाही. आता तिथे बाल्कन्यांच्या उंच इमारती आहेत. त्यावर रडायचे ते रडून झाले होते, आणि मागे एक विनोद उरला होता. जुने कामगार रस्त्यात भेटले की एक विचारतो, कुठे निघालात. दुसरा म्हणतो, कुठे जाणार, शिफ्ट सुटली कुठे अजून, ओव्हरटाइम चालू आहे.

"भोंगा आहे," इंदुताईंनी ऋचाला सांगितले. "कोंडाजीकडं. मोशीला."

कोंडाजी त्याच कंपनीत फिटर होते. शेड पाडली तेव्हा भंगारवाल्याच्या गाडीतून त्यांनी भोंगा उतरवून घेतला होता, आणि तेव्हापासून तो त्यांच्या अंगणात लोखंडी घोडीवर बसवलेला होता. नातवंडे त्यावर बसून बस चालवत.

एका रविवारी सकाळी ऋचा, धम्मरत्न आणि इंदुताई मोशीला गेले. मुकुंदरावही आले. भोंगा कुठल्या सुरात आहे ते बघितल्याशिवाय मी त्याच्यासोबत वाजवणार नाही, असे त्यांनी कळवले होते. ते व्हायोलिन घेऊन खाटेवर बसले. कोंडाजींनी भोंग्याची वायर विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडली.

"मी दाबते," इंदुताई म्हणाल्या.

"तुमीच दाबा. माझा हात न्हाई लावायचा त्याला, ती तुमची ड्युटी."

इंदुताईंनी पदर खोचला आणि बटण दाबले.

आधी मोटारीची घरघर, मग आवाज चढत गेला आणि वर जाऊन एका जागी थांबला. शेवग्यावरचे पक्षी उडाले. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांत माणसे आली, आधी एकेक, मग सगळी. इंदुताई डोळे मिटून, बोट तसेच ठेवून उभ्या होत्या. बोट उचलल्यावर आवाज हळूहळू उतरला आणि त्याच्या मागे घरातून कोंडाजींच्या बायकोचा, सोजरबाईंचा आवाज आला.

"चा टाकू व्हय? सुटली का कंपनी?"

"अगं, सकाळचं दहा वाजल्यात!" कोंडाजी ओरडले.

"मग भोंगा कशापायी झाला?" असे म्हणत सोजरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचे पातेले होते. हाताने टाकायचा तो चहा टाकून झाला होता.

तेवढ्यात टॉवरचा वॉचमन धावत आला. मे महिन्यात युद्धाच्या सरावाचे भोंगे वाजले होते, ते लोकांच्या डोक्यातून अजून गेले नव्हते. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी, सगळ्यांनी पार्किंगमध्ये उतरा, असे टाकले होते.

"साहेब, युद्ध सुरू झालं का?" त्याने मुकुंदरावांना विचारले. जमलेल्यांत इस्त्रीचा शर्ट त्यांचाच होता.

"नाही हो. तिसरा भाग," मुकुंदराव म्हणाले आणि व्हायोलिनची तार छेडून बघू लागले. मग मान हलवली. "उतरलाय. आपल्या सुरापेक्षा जरा खाली आहे."

"उतरल्याला न्हाई," कोंडाजी म्हणाले. "वय झालंय."

"चढवता येईल का?"

"आता ह्या वयात? राव, तुमीच उतरा की थोडं."

ऋचाने हसू दाबले. भोंगा सुरात येणार नव्हता. त्यामुळे ऑर्केस्ट्राने भोंग्याच्या सुरात लावून घ्यायचे, असा निर्णय सोजरबाईंच्या चहावर झाला. मुकुंदरावांनी जन्मात पहिल्यांदा एका मोटारीवरून व्हायोलिन लावले. पुढच्या तालमीला ते सगळ्यांच्या आधी येऊन तारा उतरवत बसले होते.

मग पोलिसांची परवानगी आली. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी भोंगा विंगेत ठेवायला होकार दिला. तिकिटांचा प्रश्न इंदुताईंनी सोडवला.

"मी आमच्या लोकांना बोलावते," त्या म्हणाल्या. "भोंगा वाजणार म्हटल्यावर सगळे येतील. तुमचा अर्धा हॉल भरला म्हणून समजा."

ऋचाला आनंद झाला आणि पाठोपाठ तिने विचारले, "इंदुताई, ते शांत बसतील ना? भोंग्यानंतर विशेषतः. माझं सगळं त्याच्यावर आहे."

"बसतील की. शिस्तीची माणसं आहेत. इतकी वर्षं भोंग्यावर बसली, भोंग्यावर उठली."

त्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग ऋचाने नीट ऐकला नाही. तिचे मन भरलेल्या हॉलमध्ये अडकले होते.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी चिंचवडच्या नाट्यगृहात होता. कंपनीचे जुने कामगार वेळेच्या बरेच आधी आले. कडक इस्त्रीचे कपडे, बायका सोबत, काहींच्या हातात नातवंडे. ओळखी निघत होत्या. "जय भीम, जय भीम", "राम राम" आणि "अरे, तू अजून आहेस?" असे तीन प्रकारचे नमस्कार दारात चालले होते. कोंडाजी पांढऱ्या टोपीत आले आणि चौथ्या रांगेत कडेला बसले; सोजरबाई मागे बायकांत बसल्या. मांडीवर कापडी पिशवी होती. सोजरबाईंनी तिच्यात डबा दिला होता, कारण कार्यक्रम कधी संपेल ते कोणी सांगितले नव्हते.

सुरू होण्याआधी ऋचाने स्वतः माइक घेतला. युद्धाबद्दल, तळघराबद्दल, हाव्रानबद्दल थोडक्यात सांगितले. मग म्हणाली, "तिसऱ्या भागात भोंगा होईल. भोंग्यानंतर कृपया कोणीही बोलू नये, हलू नये. ती शांतता हा संगीताचाच भाग आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंडाजींनी सर्वांत जोरात डोलावली.

पहिला भाग झाला. कोणी टाळी वाजवली नाही. मुकुंदरावांनी भुवई किंचित उचलून ऋचाकडे बघितले. त्यांच्या बाजूने ही मोठीच दाद होती. दुसऱ्या भागात चेलो तळघरातल्या अंधारासारखे खोल चालत होते, आणि हॉलमध्ये खरोखर एकही वेफर फुटला नाही. तेवढ्या शांततेत कोंडाजींची हनुवटी हळूहळू छातीला टेकली. शेजारी बसलेले जुने लेथवाले किसन यांनी ते बघितले, पण हलू नये असे सांगितले होते म्हणून ते हलले नाहीत.

तिसरा भाग सुरू झाला तेव्हा धम्मरत्न ट्रम्पेट घेऊन बाहेरच्या मोकळ्या जागेत गेला. तिथे चहाच्या स्टॉलवर समोसे मांडून ठेवले होते. स्टॉलवाल्याला त्याने तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि दाराच्या फटीला कान लावला.

आत संगीत चढत गेले, तुटले, आणि ऋचाने डावा हात विंगेकडे केला. इंदुताईंनी निळ्या काठाच्या साडीचा पदर खोचला आणि बटण दाबले.

भोंगा छपराला जाऊन लागला. हवा भरून गेली. व्हायोलिनच्या तारा हात न लावता थरथरल्या, कारण त्या त्याच सुरात लावलेल्या होत्या. इंदुताईंनी बोट दाबून धरले, पूर्वी धरत तितकाच वेळ. मग उचलले. आवाज उतरत गेला, उतरत गेला आणि थांबला.

ऋचाने दोन्ही हात वर धरले होते. ती शांतता आली. ती ऐकू आली. एक श्वास, दुसरा श्वास.

चौथ्या रांगेत कोंडाजींनी डोळे उघडले. ते उठले, टोपी सारखी केली, पिशवी उचलली आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला रं. सुटली."

"कोंडाजी, बसा!" किसन खालच्या आवाजात म्हणाले आणि त्यांचा हात धरायला म्हणून उठले. पण उठल्यावर त्यांना बसता आले नाही. ते तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. मग ते म्हणाले, "खरंच सुटली की रे."

"ओव्हरटाइम संपला!" मागून कोणीतरी ओरडले.

आणि सभागृह हसले. रांगांमागून रांगा उठल्या. मिटणाऱ्या खुर्च्यांची धाडधाड झाली. माणसांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले. एकाने शेजाऱ्याच्या पाठीवर असा दणका मारला, की त्याचा चष्मा खाली पडला. बायका डोळे पुसत हसत होत्या. दारे उघडली, आणि पाळी सुटल्यावर फाटकातून निघायची तशी, गप्पा मारत, घाई न करता, गर्दी बाहेर निघाली.

ऋचाची पाठ या सगळ्याकडे होती. तिने हात खाली केले नाहीत. खाली केले तर सिंफनी तिथेच संपली असती. तिला समोर मुकुंदराव दिसत होते. मुकुंदराव तिच्या खांद्यावरून हॉलकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काही कळेना. संपले, असे तिने मनात म्हटले. दंड भरून आले होते. हात तरीही वरच.

बाहेर धम्मरत्नच्या कानावरच दार उघडले. पहिले कोंडाजी आले.

"काय रं धम्मा, तू सेकंड शिफ्टला व्हय?"

"काका, कुठं चाललात? संपलं नाही अजून!"

"आमचं संपलं की," कोंडाजी आनंदाने म्हणाले आणि समोशांकडे वळले.

माणसे येतच राहिली. कोणी धम्मरत्नचा गाल ओढला, कोणी आईला निरोप सांगितला. आतून काहीच ऐकू येईनासे झाले की सुरू कर, असे त्याला सांगितले होते. आता आतून, बाहेरून, सगळीकडून ऐकू येत होते. ती शांतता यायची नाही, हे त्याला दिसले. त्याच वेळी त्याला आणखी एक गोष्ट आठवली, जी त्याला मिसरूड फुटण्याआधीपासून माहीत होती. मिरवणुकीत तुम्हाला कोणी शांतता देत नाही. तुम्ही सुरू करायचे.

त्याने ट्रम्पेट ओठांना लावला.

साधाच सूर होता. वर जाणारा, थांबून खाली बघणारा, पुन्हा वर जाणारा. समोसा हातात घेतलेले कोंडाजी आधी गप्प झाले. मग त्यांच्या भोवतीचे. मग जिन्यावरचे. शांतता ट्रम्पेटच्या आधी यायची होती, ती ट्रम्पेटच्या मागून आली, आणि माणसामाणसाने दारातून आत पसरत गेली. आत मंचावर बसलेल्यांना आधी फक्त गोंगाट ऐकू येत होता, मग गोंगाटात एक ट्रम्पेट, मग नुसता ट्रम्पेट.

धम्मरत्नला एका जागी उभे राहून वाजवायची सवय नव्हती. मिरवणुकीत वाढलेल्या माणसाचे पाय ट्रम्पेटसोबत चालतात. तो वाजवत वाजवत दाराकडे वळला आणि आत शिरला. त्याच्या मागे कोंडाजी, हातात समोसा. त्यांच्या मागे किसन, आणि त्यांच्या मागे अख्खी शिफ्ट.

मधल्या वाटेने ती मंडळी हळूहळू पुढे येत असताना ऋचाने पहिल्यांदा मान वळवून बघितले. उतरलेल्या चेहऱ्याने ती वळली, आणि वळल्यावर तो चेहरा तिला तसाच ठेवता आला नाही. तळघरातून बाहेर आलेली माणसे तिला दिसत होती. इस्त्रीच्या शर्टात, नातवंडांसकट. आणि इतके महिने आपण धोका टळलेल्या लोकांना जागेवर गप्प बसवायला निघालो होतो, हे तिच्या लक्षात आले. ती मोठ्याने हसली.

हसण्यात तिचा इशारा राहून गेला. नाच सुरू करायची जागा आली आणि तिचे हात वरच होते.

मुकुंदरावांनी वाट बघितली नाही. त्यांनी गज तारेवर टाकला आणि नाच सुरू केला, एकट्याने, चार वर्षांत कधी वाजवला नव्हता इतक्या जोरात. दातांच्या डॉक्टरणीने एका मात्रेनंतर त्यांना गाठले. मग सगळी व्हायोलिने, मग चेलो, मग ट्युबा. संघर्षने ड्रमवर अशी थाप दिली की ऋचाला इशारा द्यायला उरले काहीच नाही. ती उरलेला वेळ केवळ आनंदासाठी हात हलवत होती.

हाव्रानचा नाच सहा मात्रांचा होता. सहा मात्रांवर पिंपरीतल्या माणसाला काही शिकवावे लागत नाही. टाळ्या पहिल्यांदाच योग्य जागी पडल्या. मधल्या वाटेत जागा झाली, आणि लेथवाले किसन दोन्ही हात वर करून जागेवरच गोल फिरले. सोजरबाईंनी पदर डोक्यावर घेऊन दोन पावले टाकली, कोणी बघतेय का ते बघितले, आणि आणखी चार टाकली. धम्मरत्न मंचाच्या पायऱ्या चढला. वर इंदुताई विंगेतून बाहेर आल्या होत्या. तो त्यांच्याभोवती वाजवत फिरला, आणि त्या मधोमध उभ्या राहून एका हाताने ठेका धरत होत्या. बटण दाबायचे ते बोट अजून तसेच पुढे होते.

सिंफनी संपली. लोक पार्किंगमध्ये गेले नाहीत. नाच पुन्हा वाजवावा लागला.

नंतर हॉल रिकामा होत असताना कोंडाजी मंचाजवळ आले. "इंदुताई, मग मी निघू?"

"निघा की. सुटली ना आता."

"न्हाई, तुमी सांगितल्याबिगर कसा निघू," असे म्हणून त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि सोजरबाईंना हाक मारली.

ऋचा स्वरलिपीचे कागद गोळा करत होती. मुकुंदराव व्हायोलिन पुसत शेजारी येऊन उभे राहिले. तिने वर बघितले नाही.

"शांतता मिळाली नाही, काका."

"हो. अजिबात नाही." त्यांनी तारांवरून फडके फिरवले. "रविवारी तालीम नेहमीच्याच वेळेला का?"

ती वळली. मुकुंदराव फडक्याची नीट घडी घालत होते.

"नेहमीच्याच वेळेला," ती म्हणाली.

"बरं. आणि त्या धम्माला सांग, दुसऱ्या ओळीत एक सूर खाल्लास."

"समोसा खात होतो मी तेव्हा," मंचाच्या टोकावरून धम्मरत्न ओरडला. तो भोंग्याची एक बाजू धरून उभा होता आणि दुसरी बाजू धरायला कोणी नव्हते. संघर्ष ड्रम गाडीत ठेवायला गेला होता.

मुकुंदरावांनी व्हायोलिन पेटीत ठेवले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि जाऊन दुसरी बाजू धरली. भोंगा त्यांना वाटला त्याहून पुष्कळ जड निघाला.

"उचला," ते म्हणाले. "नवरदेव आला."

"हळू, काका, हळू. घोडा नाहीये, टेम्पो आहे," धम्मरत्न म्हणाला, आणि दोघे भोंगा घेऊन, एकमेकांना डावीकडे-उजवीकडे सांगत, पायऱ्या उतरले.